शेजारच्या सीटचं माप

टक आवाज आला. मॅडमचं हेल्मेट वरच्या पाइपला लागलं होतं. शेजारच्या सीटवर बसल्या, पट्टे आवळले, मान सरळ केली आणि टक. आमच्या ह्यांनी स्टिअरिंगवरनं विचारलं, लागतंय का. त्या म्हणाल्या, चालेल दादा, जरा मान वाकवून बसते. आणि ह्यांनी गाडी चालू केली.

दिवेघाटाच्या पलीकडचा माळ तो, नुसते दगड आणि खड्डे. शर्यतीच्या सरावाला आलो होतो, मी आणि लेक मागनं गॅरेजच्या टेंपोतनं. गाडी तपासणारं कोणी नव्हतं. लेक माझ्या कडेवर, तीन वर्षांची, टाळ्या वाजवत होती. आणि मला एकटीला ठाऊक होतं की ते डोकं पाइपला का लागतंय, कारण ते मी केलं होतं. मी पळत सुटले. लेकीसकट गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिले.

हे कसं झालं ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी वेडीच आहे.

आमचे हे मार्केट यार्डाच्या मागं एका गॅरेजमधे मेकॅनिक. आमची गाडी छोटी, जुनी, चार हातांतनं आलेली. आम्ही कसबा पेठेत दोन खोल्यांत राहतो, आमच्या बोळात गाडी शिरतच नाही, म्हणून ती गॅरेजवरच असायची. पण रविवारी निघायची. मागच्या सीटवर मी आणि लेक, ती माझ्या मांडीवर झोपायची. मग ह्यांना रॅलीचा, म्हणजे गाड्यांच्या शर्यतीचा, नाद लागला. शर्यतीला शेजारी एक माणूस लागतो, पुढचं वळण कसलं आहे ते वहीतनं वाचून सांगायला. गॅरेजला एक मॅडम गाडी दाखवायला यायच्या, आयटीत कामाला. त्यांनी आधी दुसऱ्यांसाठी अशा वह्या वाचल्या होत्या. त्या शेजारी बसायला लागल्या.

ह्यांना दादा म्हणतात, मला वहिनी म्हणतात. वाईट काही नाही, मला कळतं. पण सहा वर्षं मी सांगतेय, अहो हळू चालवा, तर माझं कधी ऐकलं नाही. ती बाई म्हणते डावीकडं, की हे डावीकडं. ती म्हणते ब्रेक, की ब्रेक. हेल्मेटमधे वायर असते, दोघांचं बोलणं त्या वायरीतनं चालतं, मला बाहेर काही ऐकू येत नाही, नुसते ओठ हलताना दिसतात. काचेवर दोघांची नावं चिकटवली, शेजारी शेजारी, पुढं रक्तगट. माझा रक्तगट ह्यांना विचारा, लेकीच्या वेळी दवाखान्यात नर्सनं विचारलं तर माझ्याच तोंडाकडं बघत राहिले होते.

एकदा मी म्हणलं, मी बसते, मी वाचते. हसले नाहीत, वही दिली हातात. इंग्रजी अक्षरं, मधे आकडे, मधे बाण. मी आठवीत शाळा सोडलेली. मी एक ओळ लावेस्तोवर गाडी दरीत गेली असती. वही परत दिली आणि भाकरी टाकायला बसले.

तर मग रोल केज बसवायचं ठरलं. म्हणजे गाडीच्या आतनं लोखंडी पाइपांचा पिंजरा, गाडी उलटली तरी छत माणसावर बसू नये म्हणून. मला भीती वाटायचीच, म्हटलं बसवा बाई एकदाचा. गॅरेजच्या गल्लीत एक काका आहेत वेल्डिंगवाले. हमालांच्या हातगाड्या, खिडक्यांचे गज आणि असल्या गाड्यांचे पिंजरे, सगळं करतात. त्यांनी विचारलं, बोल्टचा पाहिजे का वेल्डिंगचा. मी विचारलं फरक काय. तर म्हणाले, "बोल्टचा म्हणजे भाडेकरू, सांगितलं की निघतो. वेल्डिंगचा म्हणजे घरमालक."

मी म्हणलं बोल्टचा. शर्यती संपल्या की पिंजरा काढू, मागची सीट परत बसवू. हे पण हो म्हणाले होते, लेकीची शप्पथ. संध्याकाळी मॅडमचा फोन आला, मोबाइलवर फोटो आले, वेल्डिंगचा मजबूत म्हणे. झालं. वेल्डिंगचा. मागची सीट घरी आणून भिंतीला लावली. लेक तिच्यावर बसून भुर्र भुर्र करते.

मापाच्या दिवशी मॅडमला ऑफिसची मीटिंग होती. काका म्हणाले, माणूस बसवल्याशिवाय सीटचा स्टँड पक्का करणार नाही. हेल्मेट घालून बसायचं आणि हेल्मेट आणि वरचा पाइप यात चार बोटं आडवी गेली पाहिजेत. गाडी खड्ड्यात आदळली की माणूस उडतो, त्याला तेवढी जागा लागते. ह्यांनी मला बोलावलं. म्हणाले, तू बस, तुम्ही दोघी सारख्याच उंचीच्या. हे कधी मापलं, मी मनात म्हणलं.

बसत होते, तर हे मॅडमचं हेल्मेट घेऊन आले आणि म्हणाले, "थांब, आधी डोक्याला रुमाल बांध. तेल लागेल आत."

काकांच्या समोर. सकाळी तेल लावलं होतं, रोजच लावते. लाज वाटली का राग आला ते मला आजपण नीट सांगता यायचं नाही. रुमाल बांधला, हेल्मेट घातलं, आत त्या बाईच्या शाम्पूचा वास. आणि मी खाली सरकले. पाठीला पोक काढलं, गुडघे पुढं ढकलले. काका म्हणाले, "बाई, गाडीत बसलाय, चटईवर नाही. ताठ बसा." मी जरा हलले आणि परत तशीच बसले. त्यांनी बोटं घातली, चार गेली. म्हणाले, बसलं मग, स्टँड आहे तेवढाच उंच ठेवतो. निळा उजेड झाला आणि सीट पक्की झाली.

मला कोणाला मारायचं नव्हतं हो. वाटलं, ती बसेल, अडचण होईल, म्हणेल मला नाही जमत, आणि जाईल. ती असं चालेल म्हणेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तर मी गाडीच्या पुढं उभी. ह्यांनी ब्रेक मारला, बाहेर डोकं काढून काय काय बोलले. मी खिडकीतनं हात घातला आणि म्हणलं, इथं एक बोट जात नाही बघा. ह्यांनी बघितलंच नाही. म्हणाले, तिला चालतंय ना, मग तुला काय. तेव्हा मॅडम म्हणाल्या, दादा, वहिनी बरोबर बोलतायत. हे लगेच उतरले. तेव्हासुद्धा तिचंच ऐकलं.

मॅडम तशाच मान वाकवून बसल्या, ह्यांनी हळूहळू गाडी शहरात आणली आणि थेट काकांच्या दारात, मागनं टेंपोत आम्ही. हे चिडलेले. काकांना म्हणाले, बाईची मान मोडली असती, चार बोटं म्हणजे किती ते कळतं का आता. काका म्हातारे आहेत, पण चूक झाली तर झाली म्हणणारे. त्यांनी चष्मा पुसला, आत हात घालून बघितलं, परत बघितलं. मग माझ्याकडं वळले.

"बाई, त्या दिवशी ताठ बसला होतात ना?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. हे, मॅडम, शेजारचा टायरवाला. लेक माझा पदर चावत होती.

मी म्हणलं, "हो."

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, मग माझंच चुकलं. स्टँड कापला, खाली बसवून परत वेल्डिंग मारलं. मॅडम ताठ बसल्या, चार बोटं गेली.

त्या दिवसापासनं हे गल्लीत सांगतात, काकांची नजर गेली, पिंजऱ्याचं काम त्यांना देऊ नका. दोन गॅरेजवाल्यांनी त्यांना काम देणं बंद केलं, मला टायरवाल्याच्या बायकोकडनं कळलं. आणि माझं म्हणाल तर हे मॅडमसमोर म्हणाले, माझ्या बायकोची नजर बघा, माझ्या नाही लक्षात आलं ते तिच्या आलं. मॅडमसमोर, स्वतःच्या तोंडानं. सहा वर्षांत पहिल्यांदा. मला त्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आता दर सरावाला मला नेतात, बोटं घालून बघायला. मी बघते, चार जातात, मग गाडी जाते, ते दोघं आत आणि मी बाहेर. माझा जळफळाट तेवढाच आहे, काही कमी झालेला नाही.

सांगायचं तर कसं सांगू? ह्यांना कळलं की मी मुद्दाम केलं, तर मला माहेरी पाठवतील, आणि लेक? हे असलं करणाऱ्या बाईजवळ पोर ठेवणार नाहीत, आणि मीपण ठेवली नसती. नाही सांगितलं तर काका त्या दारात हातावर हात ठेवून बसलेले दिसतात, मला नमस्कार करतात, तो नमस्कारच जास्त लागतो.

तुम्ही माझ्या जागी असता, कडेवर पोर, समोर नवरा, शेजारी ती, आणि काकांनी तोंडावर विचारलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असतात? आणि एकदा हो म्हणून बसल्यावर, आता काय केलं असतंत?