चिमणीच्या बाजूला चौदा हत्ती

शनिवार, १४ जून. सकाळी ७.१०. चोबे नदीकाठचा वाळूचा रस्ता, बोत्स्वाना. गाडीत हजर: दादा, मी, माटुंग्याचे काका-काकू, दादरच्या दोन निवृत्त शिक्षिका, आमची टूर लीडर आणि टूरभर गाडी चालवणारा तिकडचा गाइड. गैरहजर कोणी नाही. हत्ती १४, पैकी पिल्लं ३. थंडी भरपूर.

माझ्या वहीतली ही नोंद आहे. मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. नऊ वर्षं सभांची इतिवृत्तं लिहिते आहे, त्यामुळे नवीन पान उघडलं की हात आधी तारीख आणि हजेरी लिहितो. सोळा दिवसांच्या टूरमध्ये मी एकाही दिवसाची नोंद चुकवली नाही. आज ती वही समोर घेऊन बसले आहे आणि मला जे हवं आहे ते तिच्यात नाही.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. नोकरी छापखान्यात केली, पण घोडपदेवला त्याची ओळख आहे ती गणपतीच्या सजावटीमुळे. आमच्या चाळीच्या मंडळाचा देखावा तीस वर्षं त्याने उभा केला. बांबू, तार, गोणपाट आणि कागदाचा लगदा. देखावा कसलाही असो, त्यात दादाचा एक हत्ती असायचाच. लहानपणी आम्ही दोघं राणीच्या बागेत चालत जायचो. तिथला हत्ती पायात साखळी घेऊन उभा असायचा आणि दादा त्याच्यासमोर तासभर बसायचा. तोच हत्ती त्याच्या हातात बसला. त्याने केलेले सगळे हत्ती उभे. चारही पाय जमिनीवर.

मंडळातले त्याचे मित्र चिडवायचे. "काय रे, तुझे हत्ती बसस्टॉपवर उभे असल्यासारखे वाटतात. कुठल्या नंबरची बस बघतायत?"

"येईल त्यांची बस," दादा म्हणायचा. मग घरी येऊन मला सांगायचा, "एक चालणारा करायचाय गो बाय. चलताना त्याचा वजन कुठे जाता, ताच कळणा नाय." चारचौघांत दादा सगळ्यांसारखं बोलतो. माझ्या एकटीशी बोलताना आईची मालवणी निघते.

तीन वर्षांपूर्वी त्याला संध्याकाळनंतर दिसेनासं झालं. मग दिवसाही कडा जायला लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं, त्यांना नळीतून पाहिल्यासारखं दिसतं आणि ही नळी बारीक होत जाणार. किती दिवस, ते सांगता येत नाही. वहिनी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि त्यांना मूलबाळ नाही. म्हणजे ठरवायचं होतं ते मलाच. मी त्याला विचारलं, काय पाहायचंय? तो म्हणाला, रानातला हत्ती, चालताना. मी त्याच आठवड्यात चौकशी सुरू केली. पासपोर्ट, व्हिसा, पिवळ्या तापाची लस, डोळ्यांचे थेंब दुप्पट, गरम बनियन. गणपतीआधी परत येणारी टूर हवी होती, ती मिळाली. आधी नामिबियाचं वाळवंट, मग तिथलंच एटोशा अभयारण्य, शेवटी बोत्स्वानातलं चोबे.

दादाला एखादी वस्तू दाखवायची तर "ते बघ" म्हणून चालत नाही. नळी नेमकी तिथे वळवावी लागते. त्यासाठी आमची एक पद्धत होती. लहानपणी चाळीच्या गॅलरीत उभं राहून आम्ही कटलेले पतंग हेरायचो, तेव्हापासूनची. गॅलरीतून डावीकडे गिरणीची चिमणी, उजवीकडे नळ, समोर खाली लॉन्ड्रीचं पत्र्याचं छप्पर, लांब रेल्वेचा पूल. "चिमणीकडे, छपराच्या वर" म्हटलं की दादा बरोबर तिथे बघायचा. आज चिमणी नाही, चाळही नाही, तिथे टॉवर आहे आणि त्यातल्या अकराव्या मजल्यावर दादाची खोली आहे. पण चहाचा कप कुठे ठेवला ते मी त्याला अजून तसंच सांगते. नळाकडे, छपरावर.

वाळवंटात मी हीच पद्धत वापरली. पहिल्याच दिवशी गाडीतून ओरिक्स दिसला, काळ्यापांढऱ्या तोंडाचं, सरळ शिंगांचं हरीण. मी म्हटलं, "दादा, चिमणीकडे, पुलाच्या अलीकडे."

माटुंग्याच्या काकू दचकून वळल्या. "अहो, इथे चिमणी कुठून आली?"

"बंद पडली ती, काकू," दादा म्हणाला. "तुम्ही उशिरा आलात."

दोन दिवसांत सगळी गाडी तसं बोलायला लागली. काका उगाचच ओरडायचे, "नळाकडे शहामृग!" आणि बहुतेक वेळा ते चिमणीकडे असायचं.

तिथे एक जागा आहे, लाल टेकड्यांच्या मधोमध पांढऱ्या चिकणमातीचं सपाट मैदान. कधीकाळी पाणी होतं, ते गेलं. झाडं मेली पण पडली नाहीत, काळी होऊन उभी आहेत. तिथे पोचल्यावर दादाने माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि एकटा चालायला लागला. घरात तो दाराच्या चौकटीला आपटतो. इथे आपटायला काही नव्हतं. मी मागून हाका मारत होते, झाड येईल, थांब. तो शंभर-दीडशे पावलं गेला आणि एका झाडापाशी, नाक लागेल इतक्या जवळ, थांबला. मी धापा टाकत पोचले.

"कोणी पाडला नाय ह्या," तो म्हणाला. "बरा केला."

माझ्या वहीत त्या दिवशी लिहिलं आहे: मैदान ९.४० ते १०.३०, पाणी दोन बाटल्या संपल्या, सनस्क्रीन गाडीत राहिलं.

टूर लीडरने पहिल्या दिवशी प्रत्येकाला प्राण्यांची छापील यादी दिली होती. जो प्राणी दिसेल त्याच्यापुढे टिक करायची. मी माझ्या यादीवर दोन रकाने आखले, एक माझा, एक दादाचा. दादाचा आधी भरायचा, असं मी ठरवलं. प्राणी दिसला की मी त्याची हनुवटी धरून तोंड वळवायची, चिमणी-नळ सांगायची आणि विचारायची, "दिसला?" तो "दिसला" म्हणेपर्यंत गाडी हलू द्यायची नाही. गाइडला मी तसं स्पष्ट सांगून ठेवलं होतं. तो पन्नाशीचा, शांत माणूस. मान डोलवायचा आणि इंजिन बंद करायचा. एटोशात एक बिबट्या झाडाच्या फांदीवर होता. तिथे आम्ही वीस मिनिटं थांबलो. शिक्षिकाबाईंपैकी एकीने घड्याळ पाहिलं, ते मी पाहिलं. दादा शेवटी म्हणाला, "दिसला, दिसला. शेपटी लोंबत्ये." मी टिक केली. शेपटीचं काकूंनी नुकतंच सगळ्यांना मोठ्याने सांगितलं होतं, हे मला आज आठवतं.

आणि मग ती चोबेची सकाळ. कळप नदीकडे उतरत होता. गाडी उघडी, आम्ही अंगावर पांघरुणं घेऊन बसलेलो. तेरा हत्ती लांब होते. चौदावा, मोठा नर, आमच्या बाजूच्या झुडपातून निघाला आणि बॉनेटच्या अगदी पुढून रस्ता ओलांडायला लागला. गाइडने एक बोट वर केलं. कोणी हललं नाही, काकासुद्धा. मी दादाची हनुवटी धरली आणि कानात म्हटलं, "चिमणीकडून नळाकडे, समोरच, छपरावर." त्याचे डोळे उघडे होते, तोंड किंचित उघडं होतं. मी त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. एवढ्यासाठी आलो होतो. हा दिसला पाहिजे. हत्ती गेला, झुडपं हलायची थांबली, तेव्हा मी विचारलं, "दिसला?"

"दिसला," दादा म्हणाला.

मी टिक केली आणि वेळ घातली. ७.१०. उतरताना गाइड मला इंग्रजीत म्हणाला, "तुमचा भाऊ फार छान ऐकतो." मला वाटलं, शिस्तीचं कौतुक करतोय. मी आभार मानले.

शेवटच्या दिवशी दुपारी हॉटेलात निरोपाचं जेवण होतं. टूर लीडरने सगळ्यांच्या यादीतल्या खुणा मोजल्या. दादाच्या एकतीस. सगळ्यांत जास्त. माझ्याही तेवढ्या नव्हत्या, कारण त्याचा रकाना भरताना माझा राहून जायचा. त्याला हत्तीचं चित्र असलेली टोपी मिळाली. टाळ्या झाल्या. काकू म्हणाल्या, "बघा, आमच्या ह्यांचे डोळे धडधाकट, आणि सव्वीस!" दादाने टोपी घातली आणि सगळ्यांना हात जोडले.

नंतर आम्ही नदीकडे तोंड करून बाकावर बसलो. मी सामानाची यादी काढली होती. दादाने टोपी काढून माझ्या यादीवर ठेवली.

"ही काकूंका दे, बाय."

"का?"

"माका तीनच दिसले."

मी म्हटलं, "काय तीन?"

"एक शहामृग. एक कोल्हो, तो उभोच ऱ्हवलो म्हणून. आणि जिराफाची मान. ती खयसून सुरू झाली आणि खय संपली, ता नाय गावला."

मला आधी रागच आला. सोळा दिवस मी काय करत होते मग? मी विचारलं, "दर वेळी दिसला, दिसला कशाला म्हणायचास?"

"तू गाडी अडवून धरायचीस," तो म्हणाला. "माणसा खोळंबायची. तुझी पेन्सिल वर धरलेली असायची, ती माका दिसायची. नळीत तीच यायची."

मी टोपी उचलून मांडीवर घेतली. मग हत्तीचं विचारलं. न विचारून चालणार नव्हतं.

"जवळ इलो तेव्हा नुसती भिंत. राखाडी. सुरकुत्यांची भिंत सरकत गेली." त्याने हात चिमणीकडून नळाकडे नेला. "पण आवाज नाय गो. एवढो मोठो, आणि पावलाचो आवाज नाय. म्हणजे पाय वेगळो टाकीत असतलो. कसो टाकता? तू बघलंस ना?"

मी हो म्हणणार होते. पण मी हत्तीकडे पाहिलंच नव्हतं. मी त्याच्याकडे पाहत होते, दिसला की नाही ते कळावं म्हणून. मी त्याला तसं सांगितलं. तो हसला आणि माझा हात थोपटला. "म्हणजे आपल्यात एकान पण नाय," तो म्हणाला. मग म्हणाला, सामान बांधूया.

त्या वर्षी मंडळात जुनाच हत्ती रंगवून बसवला. दिवाळीनंतर दादाची नळी मिटली. आता उजेड-अंधार कळतो, बाकी नाही. तरी त्याने खोलीत बांबू आणि तार आणवून घेतली आहे. हाताने चाचपून त्याने धड केलं, सोंड केली. धड कमरेएवढ्या उंचीचं आहे, विटांवर टेकवून ठेवलंय. पाय नाहीत. दर रविवारी दुपारी मी परळहून त्याच्याकडे डबा घेऊन जाते, तेव्हा तो विचारतो, पुढचा पाय उचलला की मागचा कुठे असतो? टाच आधी टेकते की नखं?

मी मोबाईलवर हत्ती चालतानाचे व्हिडिओ पाहिले, थांबवून थांबवून, आणि दीड पान लिहून नेलं. वाचून दाखवलं. दादाने शेवटपर्यंत ऐकलं.

"ह्यो दुसरो कोणीतरी," तो म्हणाला. "ह्याका घाई आसा. आपलो सावकाश गेलो. तू आठव. डोळ्याक दिसला असतला, ध्यानात नसात."

काकूंना फोन केला. त्यांचं लक्ष सोंडेकडे होतं. काकांनी काढलेला एकच फोटो आहे. त्यात हत्ती मधोमध आहे, पाय झुडपाने झाकलेत आणि कोपऱ्यात मी आहे, पाठमोरी, दादाची हनुवटी धरून.

वहीत १४ जूनच्या पानाखाली मी अर्धं पान कोरं सोडलं आहे. वर लिहिलं आहे: हत्ती, चौदावा, पुढचा डावा पाय. पुढचं आठवून लिहायचं आहे. रविवारी जायच्या आधी.