मधलं पेडल आणि माझा डावा पाय

माझ्या डाव्या पायाने एकदा पियानोच्या जाहीर कार्यक्रमात भाग घेतला आहे. बाकीचा मी नुसता सोबत गेलेलो.

कलाकार होती आमची ही, वसुधा. शाळेतून भूगोलाच्या बाई म्हणून निवृत्त झाली आणि डोंबिवलीतल्या तिच्या मैत्रिणी योगाला जात असताना ही ठाण्याला पियानो शिकायला जाऊ लागली. (महिन्याभरात कंटाळेल, असं मी सगळ्यांना सांगितलेलं. सहा वर्षं झाली!) घरी सरावाला साधा कीबोर्ड, त्याला एकच पेडल. यंदा मात्र तिला शिकवणाऱ्या मिसनी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम ठेवला वागळे इस्टेटमधल्या एका पियानो दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये, कारण तिथे खरा, मोठा, आडवा पियानो होता. आणि नेमकी त्याच आठवड्यात वसुधा रिक्षातून उतरताना पाय मुरगळून बसली.

"हाताला काही नाही झालं, हे नशीब," मी धीर दिला.

"अहो, मधलं पेडल डाव्या पायाने दाबायचं असतं! आणि मुरगळलाय डावाच!"

मग मला समजावण्यात आलं. पियानोच्या तारांवर मऊ गाद्या टेकलेल्या असतात. उजवं पेडल दाबलं की सगळ्या गाद्या उठतात आणि सगळेच सूर घुमतात. मधलं पेडल निवडक! त्या क्षणी जी पट्टी दाबलेली असेल, तेवढ्याच सुराची गादी ते वर धरून ठेवतं. वसुधाला एक खर्जातला सूर मधल्या पेडलवर घुमत ठेवायचा होता आणि त्याच्यावर उजव्या पेडलने बाकीचे सूर खेळवायचे होते.

"मग तो एक सूर गाळून टाक ना."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की माझा पाय त्याच क्षणी नेमला गेला.

"नीट ऐका. आधी माझा सूर, मग तुमचा पाय, मग माझा पाय. चुकूनही उलटं नाही."

उरलेले दिवस मी उलट्या चपलेवर सराव केला. सोसायटीत बातमी गेली, की काकांना पायाचा काहीतरी आजार झालाय.

कार्यक्रमाच्या दिवशी शीळफाट्याला टॅक्सी अडकली. पोचलो तेव्हा आमचंच नाव पुकारत होते! तालीम नाही, काही नाही. वसुधा लंगडत पियानोपाशी बसली, मी तिच्या डावीकडे बुटक्या स्टुलावर. समोर मिस, शिकणाऱ्यांच्या घरचे, आणि पहिल्याच रांगेत माझा मेहुणा सुहास.

वसुधाने तो खर्जातला सूर वाजवला.

काय सांगू! तो कानांत नाही, आधी स्टुलातून अंगात आला. घरच्या कीबोर्डवर असलं काही कधी झालंच नव्हतं. आपली रोज भाजीत मीठ कमी घालणारी बायको हे करू शकते? मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. पाय हवेतच!

"दाबा!" ती पुटपुटली.

दाबलं. पण तोवर तिचा उजवा पाय खाली गेलेला. म्हणजे सगळ्याच गाद्या उठलेल्या, आणि मी त्या सगळ्याच्या सगळ्या वर अडकवून ठेवल्या! तिने आपलं पेडल सोडलं, तरी एकही सूर थांबेना. पुढचे सूर त्यात मिसळले आणि वर्कशॉपमध्ये नुसता गदारोळ.

"सोडा!" वसुधा दातांतून म्हणाली.

"सोडा?" सुहास उठला. "साधा की लिंबू?"

मी इतका गडबडलो, की पाय आणखी घट्ट रोवून ओरडलोच, "अगं, सोडू?"

आणि पियानोने उत्तर दिलं! "ऊऽऽऽ..."

वसुधा वाजवायची थांबलेली, गदारोळ विरलेला, कोणी पट्टीला हात लावला नव्हता. मोकळ्या तारांनी माझाच ओरडा उचललेला आणि त्या तो पुन्हा म्हणत होत्या, माझ्यापेक्षा कितीतरी गोड. सुहास अर्धवट उठलेलाच राहिला.

वसुधाने हात मांडीवर घेतले. क्षणभर ऐकलं. मग ती पियानोकडे झुकली आणि हलकेच "सा" लावला. आतून "सा" परत आला. एक नाही, जणू दूरवर कितीतरी बायका गात होत्या. मिसनी डोळे पुसले. वसुधा माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "आता पाय उचला."

उचलला. एकदम शांतता. आणि मग टाळ्या!

नंतर आम्ही तो तुकडा पहिल्यापासून वाजवला, अगदी बिनचूक. पण लोक चहाच्या वेळी विचारत होते ते 'त्या गाण्याच्या भागाबद्दल'. एका बाईंनी तर मला विचारलं, "ही कल्पना तुमची का?" मी नम्रपणे मान खाली घातली. (नाही म्हणालो नाही.)

परतीच्या टॅक्सीत मी भारावलेलाच होतो. म्हटलं, "वसुधा, अजून एक पेडल होतं गं, डावीकडे, माझ्या पायाजवळ. ते कशाला असतं?"

"आवाज कमी करायला," ती म्हणाली. "मिसना विचारलंय मी, माणसाला बसवून मिळतं का."