जाऊबाईंनी निवडलेली चांदी

आम्ही दोघी जावा लाखोरीच्या डाळीच्या वड्या घालतो. सुरुवातीला गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात एक टोपलं घेऊन बसायचो. आता लग्नसराईच्या आधी अंगणात चार खाटांवर वड्या वाळत असतात, तरी पुरत नाहीत. घरची धानाची शेती माझे मालक आणि भासरे, म्हणजे जाऊबाईंचे मालक, बघतात, त्यात आम्ही राबतो ते वेगळं. पण वड्या आमच्या. त्यांचे पैसे आम्ही तीन वर्षं बँकेत मुदतीवर ठेवले होते.

मुदत संपली तेव्हा जेवताना विषय निघाला. भासरे म्हणाले, मोटरसायकल जुनी झाली. माझे मालक म्हणाले, बोअरची मोटर बदलून टाकू. जाऊबाई भात वाढत होत्या. हातातली पळी तशीच धरून त्या म्हणाल्या, "चांदी घेऊन राहिलो आमी."

"कायले?" भासऱ्यांनी विचारलं.

"सोनं झेपत नाही म्हनून."

विषय तिथेच संपला. दोघे पुरुष खाली मान घालून जेवू लागले. मला आतून हसू फुटत होतं.

पण चांदी म्हणजे नेमकं काय घ्यायचं, यावर आमचं दोघींचं जमेना. जाऊबाईंच्या मनात जाडजूड करदोडा होता, नाहीतर एखादं ताट आणि सहा पेले. "दिसलं पाहिजे वो," त्या म्हणायच्या. मी कुठंतरी ऐकलं होतं की ठेवायचं असेल तर वीट घ्यावी. माझी मुलगी नागपूरला नोकरी करते. ती फोनवर म्हणाली, "मोठी आई, आता चांदी घरात आणायची गरजच नाही. शेअरसारखी घेता येते. चोराची भीती नाही, काळी पडायची भीती नाही."

"हातात घेता येते का?" जाऊबाईंनी विचारलं.

"हातात नाही, खात्यात दिसते."

"मंग राहू दे. मी ते खातं उशाखाली घेऊन झोपू का?"

शेवटी एका मंगळवारी आम्ही एसटीनं गोंदियाला निघालो. जाऊबाईंनी पदराखाली एक फडकं घट्ट धरलं होतं. बसमध्ये मी विचारलं, तर त्यांनी गाठ सोडून दाखवली. आत त्यांच्या लग्नातल्या तोरड्या होत्या. वजनदार, जुन्या घडणीच्या, टोकं बोचणाऱ्या.

"बाई, या कायले आनल्या?"

"पाहा तू."

पहिलं दुकान काचेचं, गार हवेचं होतं. तिथल्या पोरीनं आमच्यापुढे एकेक लाल डबा उघडायला सुरुवात केली. लक्ष्मीचे शिक्के, चांदीच्या नोटा, गणपती, पेले, पानदान. मला सगळंच आवडलं. जाऊबाईंनी एक शिक्का उचलला, उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "हा मी उद्या वापस आनला तर काय देसाल?"

पोरगी गोंधळली. "आंटी, अभी तो आप ले रहे हो ना?"

"हो, पन उद्या?"

तिनं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं दोन मिनिटं गोड बोलून घेतलं, चहा मागवतो म्हणाला, पण उत्तर काही दिलं नाही. जाऊबाई उठल्या. मीही उठले. मला जरा लाजच वाटली, कारण आल्या आल्या त्यांनी दिलेलं सरबत मी पिऊन बसले होते.

दुसरं दुकान सराफा ओळीतलं, जुनं. गादीवर पांढरी चादर आणि तिच्यावर चष्मा कपाळावर ढकललेले एक म्हातारे शेठ. जाऊबाईंनी फडकं त्यांच्यापुढे सोडलं.

"पयले माही चांदी तुमी घ्या. मंग तुमची मी घेते."

शेठनी तोरड्या हातात घेतल्या, कसाला लावल्या आणि हसले. "माताजी, माल पुराना है, अच्छा है। लेकिन इसमें टाका बहुत है।" मग त्यांनी अर्ध्या मराठीत समजावलं. कड्या जोडायला झाळ लागते, झाळ म्हणजे चांदी नव्हे. वितळवलं की तेवढं वजन घटतं. घडवणाऱ्या कारागिराची मजुरी तर लग्नाच्या दिवशीच गेली, ती कोणीच परत देत नाही.

जाऊबाईंचा चेहरा पडेल असं मला वाटलं. पण त्या पुढे सरकून बसल्या. "मले हेच पाहाचं होतं," म्हणाल्या आणि समोरच्या कपाटाकडे बोट केलं. "आता ते ताट. आज घेतलं, उद्या आनलं. काय देसाल?"

शेठनी सांगितलं. घडणावळ वजा, कर वजा, शुद्धता थोडी कमी ती वजा.

"शिक्का?"

"ताटापेक्षा बरा. पण छोट्या शिक्क्यावर ग्रॅममागे मजुरी जास्त पडते. डबीचेही पैसे असतात."

"वीट?"

"वीट में सबसे कम कटता है। जितनी बड़ी, उतना कम।"

आता मी मध्ये बोलले, कारण माझी बाजू जिंकत होती. "पाहा बाई, मी म्हनत होती ना? अर्ध्या किलोची एकच घेऊन टाकू."

जाऊबाई माझ्याकडे वळल्या. "आन वाटू कशी दोघीत? करवतीनं?"

शेठ एवढे हसले की त्यांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. आतल्या खोलीतून त्यांची सूनही बघायला आली. मग त्यांनीच शंभर-शंभर ग्रॅमच्या विटा काढल्या. बंद पाकिटातल्या, शुद्धतेचा आकडा आणि नंबर कोरलेल्या. मोठ्या विटेपेक्षा किंचित महाग पडतात, पण गरज पडली तर एकच मोडता येते, बाकीच्या तशाच राहतात. "पाकीट मत खोलना," त्यांनी बजावलं, "बंद राहिलं तर घेणारा जास्त विचारत नाही."

आमच्या पैशात पाच विटा बसल्या. तोरड्यांची मोड धरून सहावी आली. तोरड्या देऊन टाकायच्या का, असं मी दोनदा विचारलं.

"देऊन टाक. तीस वर्षं टोचून राहिल्या पायाले."

"मंग सहावी तुमची."

"तीन तुह्या, तीन माह्या," त्या म्हणाल्या. "मागच्या साली माही कंबर धरली, तवा माह्या वाट्याची डाळ कोनं वाटली? मी विसरली नाही."

मी उगाच विटांची पाकिटं सारखी करत बसले.

शेठनी बिलबुक ओढलं. "किसके नाम से बनाऊँ? भाईसाहब का नाम बताइए।"

"भाईसाहब कायले? दोन बिलं करा. एक हिच्या नावानं, एक माह्या." आणि जाऊबाईंनी आपलं नाव सांगितलं. पूर्ण, अगदी सावकाश, शेठनी लिहून संपवेपर्यंत वाट बघत. घरात त्या मोठी, सून, मोठी आई. मी या घरात येऊन बावीस वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. छान नाव आहे. मतदानाच्या चिठ्ठीवर वाचलेलं तेव्हा एवढं छान वाटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर आम्ही समोसे खाल्ले, दोन-दोन. पिशवी जाऊबाईंच्या मांडीवर होती आणि एका हातानं त्या ती दाबून धरत होत्या.

घरी पोचलो तर दारापुढच्या छपरीत सगळे वाट बघत बसलेले. भासऱ्यांनी एक पाकीट हातावर तोललं. "एवढीशी?" म्हणाले. जाऊबाईंनी ते काढून घेतलं, क्षणभर बघितलं आणि चर्रकन फाडलं.

"बाई! शेठनं नाही म्हटलं होतं!"

"दोन बंद हायेत ना. एकीले तं हात लावू दे." त्यांनी वीट गालाला लावली, मग माझ्या गालाला. गार होती. भासरेसुद्धा हसायला लागले आणि त्यांनीही गाल पुढे केला.

ही गोष्ट गावात पसरायला दोन दिवस लागले. शेजारची आली, मग तिची नणंद, मग अंगणवाडीच्या बाई. जाऊबाई वड्या घालता घालता त्यांना घडणावळ आणि झाळ समजावून सांगायच्या, बोटाला डाळ लागलेली तशीच हवेत फिरवत. "दुकानात पयले उद्याचा भाव पुसाचा," त्या म्हणायच्या, "जो सांगत नाही त्याच्या घरचा चहा पन प्याचा नाही." मी तेवढ्यापुरती सरबताची गोष्ट गाळत असे.

या दिवाळीआधी आम्ही सातजणी गोंदियाला गेलो. बसमध्ये मागची अख्खी सीट आमचीच होती. अंगणवाडीच्या बाईंना शिक्काच हवा होता, नातीच्या बारशाला द्यायला, आणि जाऊबाईंनी लगेच मान डोलावली. "द्याचा असंल तं शिक्काच घे. ठेवाचा असंल तं वीट." शेठनी आम्हाला दारातच ओळखलं, गादीवरची चादर झटकली आणि आत हाक मारून नऊ चहा सांगितले, सात आमचे, एक त्यांचा आणि एक सुनेचा.