काकीची हाक

काकीचा आवाज आधी यायचा आणि मागून काकी. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहून ती “पाणी आलं गोऽऽ” म्हणाली की शांती नगरच्या आमच्या इमारतीत खालपासून वरपर्यंत बादल्या वाजायला लागायच्या. शेजारच्या इमारतीतले लोकसुद्धा दचकून आपापले नळ सोडून बघायचे. सगळे तिला ‘भोंगा’ म्हणायचे, तेही तोंडावर, आणि काकी पदक मिळाल्यासारखी हसायची.

मी हा भोंगा पहिल्यांदा ऐकला तो परभणीकडून आल्याच्या दुसऱ्या पहाटे. नववीत शाळा सुटलेली. भाईंदरला खोट्या दागिन्यांच्या कारखान्यात मणी ओवायचं काम मिळालं होतं, आणि ओळखीतून काकीच्या हॉलमध्ये राहायची सोय झाली होती. झोपेत ती आरोळी कानावर आली आणि मला वाटलं, आग लागली! कपड्यांची पिशवी छातीशी धरून मी अनवाणी गेटपर्यंत पळाले. वरून काकी ओरडली, “अगो, बादली घेऊन पळ! पिशवीत काय पाणी भरणार तू?” अख्खी इमारत हसली. मीही हसले, पण पिशवी सोडली नाही.

घाबरायची माझी सवयच. काम सुटेल का, घरून फोन का आला नाही, आला तर का आला, सगळ्याची धास्ती. काकी म्हणायची, “घाबर ना, कोण नको म्हणतंय? पण भांडी भरता भरता घाबर.” आणि हातात कळशी द्यायची. कळशी भरेपर्यंत भीती निम्मी व्हायची, हे खरं. मी ‘तुम्ही’ म्हटलेलं तिला चालायचं नाही. “मी काय तुझी हेडबाई आहे गो? तू म्हण.” शाळा सोडलेल्या मुलीला हे किती बरं वाटतं ते सांगता येत नाही.

आमच्या टाकीत पाणी पुरायचं नाही, म्हणून पहाटे थोडा वेळच सोडायचे, आणि ती वेळ रोज वेगळी. काकीच्या मोरीतला नळ सगळ्यांच्या आधी खाकरायचा. तो खाकरला की काकी ताडकन उठायची. नवरा गेल्यापासून मुलगा गावी, रायगडात, आणि काकी इथे. सबंध दिवसात तिला एवढं एकच काम असं होतं की जे तिने नाही केलं तर चार माणसं अडतील.

आणि मग चार इमारतींनी मिळून मोठी टाकी बांधली. आता दिवसभर पाणी! उद्घाटन रविवारी, आणि त्याआधीचा अख्खा आठवडा नुसती धमाल. सोमवारी रांगोळ्या, मंगळवारी हळदीकुंकू, मग पाककृती, मग बायकांची संगीत खुर्ची. तिसऱ्या मजल्यावरची जिग्नाबेन संगीत खुर्चीत बाजूला बसलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या मांडीवर जाऊन बसली, आणि तरी “मी आऊट नाही” म्हणून भांडली. पाणी मात्र सोमवारपासूनच सुरू झालं होतं. मी जन्मात पहिल्यांदा भर दुपारी केस धुतले. काकीने पडदे धुतले, वाळवले आणि हौस म्हणून परत धुतले. घावणे घालून झाले की तवा लगेच घासायचा, नळ सोडून, गाणं म्हणत! एका संध्याकाळी ती गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसली आणि मला म्हणाली, “बघ, महाराणी कशी दिसते ते बघून घे.”

तशीच बसल्या बसल्या तिने एकदम पाय टबाबाहेर काढले. “सगळं छान झालं गो,” ती म्हणाली, “पण आता सकाळी मी काय करू?”

सोमवारपासून तिने हाक मारली नव्हती. पाणी चोवीस तास. हाक कशाची मारणार? गॅलरीत यायची, तोंड उघडायची, आणि कुंडीला पाणी घालून आत जायची. मुलगा गावी बोलावतच होता. “जाते आता,” ती म्हणाली. “इथे भोंग्याचं काम संपलं.”

रविवारी मंडप, बँड, झेंडूच्या माळा घातलेला पितळी नळ. पाहुण्यांनी नळ फिरवला. नळ खाकरला, एक थेंब पडला आणि मग नुसती हवा. बँडवाले तुतारी तोंडाला लावून थांबलेले. सेक्रेटरीला घाम फुटला. आरतीचं ताट धरून उभी असलेली काकी मंडपाकडे बघत होती. खुर्च्यांवर सगळे पुरुष आणि पोरं. बायका कुठायत?

“भरतायत!” काकी म्हणाली.

आणि खरंच होतं ते. आज कार्यक्रम आहे म्हणून पाणी आहे, उद्याचं कोणी बघितलंय, असं म्हणून चारही इमारती घरातला टोपन् टोप भरत बसल्या होत्या. मग मंडपातल्या नळाला जोर कुठून येणार!

सेक्रेटरीने माईक पुढे केला. “ह्यात माझा आवाज अडकतो,” म्हणत काकीने आरतीचं ताट पाहुण्यांच्या हातात दिलं, कमरेवर हात ठेवले आणि आभाळाकडे तोंड केलं. “नळ बंद करा गोऽऽ! जिग्नाबेन, तेरा भी! बाथरूमवाला भी!” मग माझ्याकडे वळून हळूच, “आपलं पिंप पण लावून आलेय मी. पळ!”

मी पळाले. आमच्या मोरीत पिंप वाहत होतं. नळ बंद केला, गॅलरीत आले, तर खाली पितळी नळ असा फुटला की पाहुणे आरतीच्या ताटासकट भिजले, बँड सुटला, आणि पोरं कारंज्याखाली नाचायला लागली. काकीला लोकांनी खुर्चीवर उभं केलं होतं.

संध्याकाळी जिग्नाबेन ढोकळा घेऊन आली. “काकी, सोमवार से रोज मेरा टिफिन लेट, बच्चे की बस गई. आवाज दो ना सुबह.”

“पाणी तो हैच. क्या ओरडूं?”

“वही. पानी आया.”

दुसऱ्या दिवसापासून काकी पुन्हा गॅलरीत. न गेलेलं पाणी ती रोज सकाळी आणत राहिली, गुडघ्यांनी साथ दिली तोपर्यंत. यंदा मुलगा तिला गावी घेऊन गेला. घर मात्र माझ्या हवाली. ती निघताना मी रडले तर म्हणाली, “रड, पण कळशी घेऊन रड.”

आता पहाटे तिचा फोन येतो. मी तो कानाला लावत नाही. स्पीकर चालू करून गॅलरीच्या कठड्यावर ठेवते. “पाणी आलं गोऽऽ!” आणि खालपासून वरपर्यंत दिवे लागतात. काल आवाज जरा बसका वाटला. मी लगेच काळजीत. तेवढ्यात वरून जिग्नाबेन, “काकी, आज वॉल्यूम कम है! सर्दी हुई क्या?”

“तू पहले उठ,” कठड्यावरून काकी ओरडली, “फिर बताती!”