गुरुवारच्या बाया

बाबांना लकवा झाला, त्याला तेव्हा चौथं वर्ष लागलं होतं. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. 'हं' आणि 'नाई' एवढे दोनच शब्द उरले होते, तेही कधीकधी अदलाबदल होऊन बाहेर पडायचे. कामरगावच्या घरी त्यांची कूस बदलणं, अंग पुसणं, भरवणं हे सगळं आई एकटी करायची. मी फोन केला की तो उचलताना तिच्या तोंडात उपासनेतल्या गाण्याची एखादी ओळ असायची. "आनंदात आहो आमी," ती म्हणायची. मी घरी गेले की मात्र ती गात नसे.

मला हे खरं वाटत नव्हतं. आमचं घर आजोबांपासून ख्रिस्ती. पण बाबा पडले तेव्हापासून मी प्रार्थना सोडली होती. वाशिमला औषधाच्या दुकानात काम करते, लोक दुखणं कसं लपवतात ते रोज बघते. आईही काहीतरी लपवते आहे असंच वाटायचं.

एकदा घरी गेले तर बाबांच्या डब्यात रक्तदाबाची गोळी नव्हती. विचारलं, तर "बंद केली" एवढंच म्हणून आई भांडी घासायला बसली. त्याच दिवशी शेजारणीकडून कळलं की चर्चच्या मंडळीतल्या दोन बाया दर गुरुवारी दुपारी प्रार्थनेला येतात. प्रार्थनेनं माणूस बरा होतो, गोळ्या कशाला, असं त्यांनीच आईच्या डोक्यात भरवलं असणार, हे मी ठरवूनच टाकलं.

पुढच्या गुरुवारी न कळवता निघाले. कारंज्याहून जीप उशिरा मिळाली. घराच्या मागच्या बाजूनं जाऊन न्हाणीपाशी उभी राहिले, चपला हातात घेऊन. आता त्याची लाज वाटते.

आत आई देवाशी बोलत होती.

"प्रभू, मी थकली. सकाळी ह्यायच्यावर हात उगारला मी. मले माफ कर, अन् आजच्यापुरतं तरी बळ दे."

ती रडत होती. त्या बायांनी तिला गप्प केलं नाही, उपदेशही केला नाही. एक जण बाबांची ओली चादर घेऊन धुवायला मागे आली आणि मला पाहून थबकली. चादर धुऊन तिनं तिचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघी ती पिळत होतो, तेव्हा आत गाणं सुरू झालं. त्यात एक पुरुषी आवाज होता, जड, पण शब्द सगळे स्पष्ट. मी चादर टाकून आत धावले. बाबा गात होते.

बाया गेल्यावर आईनं बायबलमधून डॉक्टरांचा कागद काढला. बाबांचा रक्तदाब फार उतरत होता, म्हणून डॉक्टरांनीच गोळी थांबवली होती. मी शिक्का तपासला. तरी दवाखान्यात फोन करून खात्री केली.

"मले काहून नाई सांगितलं?"

"तुले कायचाही संशय येते," आई म्हणाली. "गाताना शब्द येते त्यायले, वर्ष झालं. तुले गाणं आवडत नाई, म्हणून तू आली का मी गात नाई."

मग फोनवर ती खोटं का बोलते, असं मी विचारलं. ती बाबांचे पाय दाबू लागली.

"खोटं नाई व. रडतो बी, अन् आनंदात बी आहो."

बाबा त्यानंतर दीड वर्ष जगले. जमेल त्या गुरुवारी मी जाऊन त्यांच्या पायथ्याशी बसायचे. प्रार्थना मला अजूनही जमत नाही. त्यांना पुरलं त्याच्या पुढच्या गुरुवारी त्या दोघी नेहमीच्या वेळी आल्या. आज गाणं होणार नाही असं मला वाटलं होतं. आईनं चटई अंथरली आणि गाणं धरलं. सूर चुकला म्हणून ती थांबली आणि तिनं पुन्हा सुरुवात केली. मी तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत होते, कुठे सोंग सापडतं का म्हणून. सापडलं नाही.