शेवटच्या पानाची दुरुस्ती

आधीच सांगून टाकते… नव्या गाडीला मी लिंबू-मिरची बांधू दिली नव्हती. सासूबाई चार दिवस फुगून बसल्या होत्या. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते चहाबरोबर, करमणूक म्हणून, आणि प्रत्येकाखाली मनातल्या मनात लिहिते — ‘घरातलं वायरिंग तपासून घ्या.’ त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय याचं मला हसू येतंय. तुम्हीही हसा. फक्त शेवटपर्यंत वाचा.

मी बेळगावची, अनगोळात राहते. नोकरी सॉफ्टवेअरची, घरूनच. त्याशिवाय एक हौशी उद्योग आहे. खेड्यापाड्यांतल्या छोट्या वाचनालयांसाठी आम्ही काही जणांनी मिळून ‘कपाट’ नावाचा एक प्रोग्राम केलाय. कुठलं पुस्तक कोणी नेलं, परत कधी आणलं, याची नोंद ठेवणारा. कोणीही वापरावा, कोणीही सुधारावा. तो वापरायचा कसा हे समजावणारी एक वेबसाइट आहे — हे बटण दाबा, मग असं होईल, अशी चाळीसेक पानं. त्याला आम्ही डॉक्स म्हणतो. मराठी डॉक्स माझ्याकडे. मी लिहायचं, लोकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या तपासायच्या, पटल्या तर घ्यायच्या, नाहीतर बंद करायच्या. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘दुरुस्ती सुचवा’ असं असतं. तिथं सहसा कोणी फिरकत नाही. डॉक्स वाचतंय कोण!

आमचे आप्पा वाचायचे.

आप्पा म्हणजे माझे वडील. मूळचे कडोलीचे, मराठीचे मास्तर म्हणून रिटायर झालेले. गावच्या साहित्य संमेलनात पहिल्या रांगेत बसून वक्त्यांच्या चुका वहीत टिपून घेणारा माणूस. आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे आणलं. एकदा माझ्या खुर्चीमागे उभं राहून त्यांनी स्क्रीनवरचं एक पान वाचलं आणि म्हणाले, “हे मराठी हाय व्हय गं?”

मी चिडले. “मग तुम्हीच लिहा की!”

झालं. दुसऱ्या दिवशी चाळीसच्या चाळीस पानं छापून मागितली. लाल पेन काढलं. महिन्याभरात माझ्या जुन्या लॅपटॉपवर टाइप करायलाही शिकले, एका बोटानं. उजव्या हाताची तर्जनी — टक… टक… टक. मी ‘माहिती प्रविष्ट करा’ लिहिलं होतं, तिथं ‘माहिती लिहा’ झालं. ‘वापरकर्ता’च्या जागी ‘वाचनालयाचा माणूस’ आला. प्रत्येक दुरुस्तीखाली सविस्तर कारण आणि शेवटी ‘आपला नम्र’. पलीकडच्या खोलीत बसलेल्या पोटच्या पोरीला ‘आपला नम्र’! मग मीही तोऱ्यात उत्तर द्यायची, ‘धन्यवाद. दुरुस्ती स्वीकारली आहे.’ की लगेच आतून हाळी यायची, “घेतलीस व्हय गं?” आणि मी इकडून ओरडायची, “बघा साइटवर!”

असं वर्षभर चाललं. खरं सांगते, आई गेल्यानंतर आप्पा इतके खुशीत मी पाहिले नव्हते.

भांडण झालं ते शेवटच्या पानावरून. ते पान काम संपवून प्रोग्राममधून निघण्याचं. बटणावर शब्द नाही, नुसतं दाराचं चित्र आहे. खाली मी लिहिलं होतं — ‘काम झालं. आता बाहेर पडा.’

“कुणाला हाकलालीस?” आप्पा म्हणाले.

“इंग्रजीत तसंच आहे, आप्पा.”

“इंग्रजीत असू दे. आपल्यात घरातनं निघताना ‘जातो’ तरी म्हणतात व्हय? ‘येतो’ म्हणतात. परत यायचं असतंय माणसाला.”

हे त्यांचं जुनं. मी शाळेत असल्यापासूनचं. निघताना तोंडातून ‘जाते’ गेलं की त्यांचं बोट वर. “येते म्हण.” उंबऱ्यावरून मागं बोलावून म्हणायला लावायचे, शाळेची घंटा होऊ दे नाहीतर काही होऊ दे. लग्न लागून सासरी निघाले, तेव्हा मी रडत रडत ‘जाते आप्पा’ म्हटलं. स्वतः ढसाढसा रडत होते, तरी बोट वर! सगळा मांडव हसला होता.

तर त्यांनी रीतसर दुरुस्ती पाठवली, ‘काम झालं. येतो.’ मी त्या दिवशी ऑफिसच्या कामानं वैतागलेली होते. खाली लिहिलं, ‘वाचनालयं चालवणाऱ्यांत बायका जास्त आहेत. त्यांना “येतो” कसं चालेल? तिरकी रेघ मारून दोन्ही लिहिणं वाईट दिसतं. दुरुस्ती बंद करत आहे.’ आणि केली बंद. धन्यवादसुद्धा लिहिलं नाही.

आतून हाळी आली नाही. संध्याकाळी जेवताना मात्र आपणहून म्हणाले, “तुझं बरोबर हाय. बायकांचं माझ्या ध्यानातच आलं न्हाय. बघतो… दोघांनाबी चालंल असं कायतरी असंलच की.” छापलेलं ते पान त्यांच्या उशाशी असायचं. ओळीखाली लाल रेघ, पुढं ‘येतो?’ आणि त्याच्यापुढं ‘बायका?’ मी अधूनमधून चिडवायची, “सापडलं का मास्तर?” ते मान हलवायचे. “न्हाय अजून.”

मग त्यांच्या छातीत कफ झाला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे. ऑक्सिजनचा मास्क होता, पण डोळे एकदम स्वच्छ होते. मला साडेदहाची मीटिंग होती. मी पर्स उचलली, म्हटलं, “जाते मी आप्पा, उशीर झालाय.” दारातून मागं वळून पाहिलं तर… बोट वर.

मास्कमुळं बोलता येत नव्हतं त्यांना. मला कळलं होतं सगळं. हसूही आलं. पण लिफ्ट येऊन थांबली होती, मी तशीच आत शिरले. मीटिंग चालू असतानाच दवाखान्यातून फोन आला.

दोन अक्षरं होती. म्हणायला किती वेळ लागला असता? माझा नवरा समजूत घालायचा, अगं, त्यांना माहीत होतं. असेल माहीत. मी म्हटलं नाही ते नाहीच. रोज सकाळी जाग आली की पहिल्यांदा ते बोट दिसायचं आणि उठावंसंच वाटायचं नाही.

तेरावं झालं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, निपाणीहून सुमित्राक्कांचा फोन आला. साठीच्या बाई आहेत, घराच्या पुढच्या खोलीत बायकांसाठी वाचनालय चालवतात. ‘कपाट’ त्या डॉक्स वाचूनच शिकल्या, आणि काही अडलं की थेट मला फोन. आप्पांना त्या ओळखत नव्हत्या. ते गेल्याचं त्यांना मी कळवलंही नव्हतं.

“ताई, त्ये शेवटचं पान लई ब्येस केलंय बघा तुम्ही,” आक्का म्हणाल्या. “आदी भायेर पडा म्हटलं की कसंतरीच वाटायचं. आता कसं, आपलं माणूस बोलल्यागत वाटतंय.”

“कुठलं पान, आक्का? मी तर महिनाभर काहीच बदललेलं नाही.”

“अवो, ह्ये की. वाचून दावते. ‘काम झालं. येऊ का?’”

मी आक्कांना ते पुन्हा वाचायला लावलं.

‘येऊ का?’ आपण सगळेच म्हणतो की हो निघताना. पुरुष म्हणतो, बाई म्हणते, दोघांच्या तोंडी अगदी तसंच. एका मात्रेचा फरक नाही. आप्पा इतके महिने शोधत होते ते हेच, आणि त्यांना सापडलं नव्हतं. उशाजवळच्या त्या पानावर ‘बायका?’च्या पुढं काही नव्हतं, मी पुन्हा जाऊन पाहिलं.

मग साइट उघडली. खरंच होतं तिथं — ‘काम झालं. येऊ का?’

आता थोडं तांत्रिक, पण सोपं आहे. साइटवर दिसणारं पान एका मूळ फायलीवरून तयार होतं. फायलीत असेल तेच पानावर येतं, दुसरं काही येऊच शकत नाही. मी फाइल उघडली. तिच्यात लिहिलं होतं, ‘आता बाहेर पडा.’ फाइल कोणी कधी बदलली याची यादी असते, तिच्यात शेवटचं नाव माझंच, कित्येक महिन्यांपूर्वीचं. आप्पांच्या नावावर शेवटची नोंद ती बंद केलेली दुरुस्ती. त्यांचा लॅपटॉप कपाटात, त्यांच्याच पंच्यात गुंडाळलेला, बॅटरी कधीच उतरलेली. मी साइट नव्यानं तयार करून चढवली. एकदा, दोनदा, तीनदा. ओळ तिथंच.

आमचा सर्व्हर सांभाळणारा विनायक हुबळीचा. त्याला फोन केला. तो म्हणाला, “कॅश असेल मॅडम.” म्हणजे कॉम्प्युटरनं जपून ठेवलेली जुनी प्रत. पण जुन्या प्रतीत जुनंच असणार ना! जे कधी लिहिलंच गेलं नाही ते कुठून येईल? तरी त्यानं सगळं पुसलं, पासवर्ड बदलले. मग हुबळीत बसून त्यानंही ते पान उघडलं. तिथंही तीच ओळ. “यारु माडिद्रु मॅडम?” कोणी केलं, हाच तर प्रश्न होता. मी म्हटलं, हॅकर असेल. तो म्हणाला, घुसून नुसतं मराठी सुधारून जाणारा हॅकर असेल तर आपण त्याला ठेवूनच घेऊ.

तुम्ही शंका काढाल, आधी मीच काढते. मी बंद केलेली दुरुस्ती आणि माझं कारण साइटवर कोणालाही वाचता येतं. कोणीतरी वाचून डोकं लढवलं असेल. कबूल. पण फायलीला हात न लावता त्यानं ते पानावर आणलं कसं, हे मला कोणी सांगितलेलं नाही. स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे. पण स्क्रीनशॉट काय, कोणीही बनवतं.

दोन दिवस मी जेवणखाण सोडून शोधत होते. मला खरं म्हणजे राग आला होता. असली थट्टा कोणी करतंय का, या विचारानं जीव नुसता जळत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी आक्कांचा पुन्हा फोन.

“ताई, एक इचारू? रागवू नगा. ‘येऊ का’ म्हणून इचारलंय, ब्येस हाय. खरं त्येचं उत्तर कुठं लिवलंय?”

“कसलं उत्तर, आक्का?”

“आँ? दारात हुबा ऱ्हाऊन माणूस ‘येऊ का’ म्हणतंय. आतनं कुणीतरी ‘या’ म्हणाय पायजे की. त्याबिगर पाय निगंल व्हय त्येचा?”

मी फोन ठेवला. तशीच लॅपटॉप उचलून आप्पांच्या खोलीत गेले. त्यांची खाट, खाटेवर ऊन, उशाशी ते लाल रेघेचं पान. मी खाटेच्या काठावर बसले, ते पान उघडलं. स्वतःचीच लाज वाटत होती, मी सांगते ना, अशी खुळ्यासारखी स्क्रीनशी बोलणारी बाई मी नव्हे. तरी म्हटलं, मोठ्यांदा म्हटलं.

“या, आप्पा.”

आणि मग थांबताच येईना. “त्या दिवशी मला म्हणायचं होतं हो. मला कळलं होतं तुमचं बोट. येते, आप्पा. येते… येते.” लहान मूल हुंदके देतं तशी मी रडले. नवरा धावत आला.

डोळे पुसून पान पुन्हा उघडलं. ‘काम झालं. आता बाहेर पडा.’

विनायकला विचारलं, त्याच्याकडेही तेच. निपाणीहून तर आक्का उखडल्याच, “का काडलासा वो? चांगलं हुतं की!” विनायक आजही कॅश म्हणतो. असेल. माझ्याकडे दुसरं स्पष्टीकरण नाही, आणि त्याचं मला पटत नाही. इथं कोणी जाणकार असेल तर जरूर सांगा, मी शांतपणे ऐकून घेईन. एवढंच की आता वायरिंग तपासा म्हणणार नाही.

त्याच दुपारी मी आप्पांची बंद केलेली दुरुस्ती पुन्हा उघडली. फायलीत माझ्या हातानं लिहिलं, ‘काम झालं. येऊ का?’ आणि आक्कांच्या समाधानासाठी खालच्या ओळीत, ‘या.’ दुरुस्ती सुचवणाऱ्याच्या जागी आप्पांचं नाव घातलं. मग तळाशी लिहिलं, ‘धन्यवाद. दुरुस्ती स्वीकारली आहे.’

सवयीनं कान आतल्या खोलीकडं लागले. हाळी काही आली नाही.

“बघा साइटवर,” मी म्हटलं.