हिसायेचं पडणं

हिसाये तेरामुराला पडताना ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात, असं पडणारं माणूस बिटाच्या त्या मुलखात दुसरं झालं नाही. पडण्याचं कसलं कौतुक, असं कुणी म्हणेल. पण ज्युदोत एकानं पाडायचं आणि दुसऱ्यानं पडायचं असतं, आणि पडणाऱ्यानं नीट पडून घेतलं नाही तर पाडणाऱ्याचं हसं होतं. म्हणून हिसायेला सगळे नावाजत. तिला मात्र ते नाव नकोच होतं. तिला डोरीन ओकुबोचं हवं होतं.

दोघी एका वयाच्या. दोघींच्या जपानी आईबापांना युद्धाच्या वर्षी कॅनडाच्या समुद्रकाठच्या घरांतून उठवून या वाऱ्याच्या माळावर बिटं खुरपायला आणून सोडलेलं. दोघींची घरं म्हणजे धान्याची रिकामी कोठारंच. फरक एवढाच की डोरीनच्या बापाला इंजिनातलं कळायचं, आणि दोनचार वर्षांत त्यानं कुणाचा तरी मोडका ट्रक घेऊन चालता केला. हिसायेचं पोट दुखायला लागलं ते त्या ट्रकपासून. ती बर्फ तुडवत देवळाकडे निघायची, मागून ट्रक यायचा, काच खाली व्हायची आणि डोरीन म्हणायची, "ये ना हिसा, बस. पाय गोठतील."

हिसाये बसायची. पायांना ऊब यायची आणि काळजाला चटका बसायचा. आपुलकीनं हात पुढे करणाऱ्या माणसाचा राग करणं फार अवघड असतं. हिसायेनं ते आयुष्यभर जमवलं.

बौद्ध देवळाच्या तळघरात कातायामा सेन्सेई, म्हणजे गुरुजी, ज्युदो शिकवायचे. दिवसभर बिटाच्या रांगांत वाकलेला माणूस, पण संध्याकाळी पांढरा अंगरखा चढवला की ताठ व्हायचा. एकदा त्यांनी दोघींना समोरासमोर उभं केलं आणि म्हणाले, "डोरीन, तू टाकायचं. हिसाये, तू पडायचं." का, ते सांगितलं नाही. ते कधीच कशाचं कारण सांगत नसत.

हिसायेनं घरी जाऊन भोकाड पसरलं. आई तांदूळ धूत होती. म्हणाली, "सेन्सेई सांगतील ते करायचं. पडायला काय तिकीट लागतं?"

मग हिसाये पडत गेली. पडून पडून तिचं पडणं असं झालं की पाखरू उतरावं. अंग हवेत गोल फिरायचं, हात मॅटवर सप्पकन वाजायचा, आणि बघणारे म्हणायचे, "वा! काय टाकलं डोरीननं!"

काळा पट्टा दोघींना एकाच दिवशी मिळाला. त्या काळी बायकांच्या काळ्या पट्ट्यात मधोमध पांढरी रेघ असायची, म्हणजे लांबूनच कळावं की हा पट्टा बाईचा आहे. एवढी एकच गोष्ट त्यांना सारखी मिळाली, आणि तीही कमी लेखणारी. पुढे ती रेघ गेली. डोरीननं कॅलगरीहून नवा, पूर्ण काळा पट्टा मागवला आणि हिसायेसाठीही एक आणला. हिसायेनं तो कपाटात टाकला आणि रेघेचाच बांधत राहिली. सगळ्यांना वाटलं, बाईला जुन्याची माया आहे. माया कसली? डोरीननं आणलेलं कमरेला बांधायचं नव्हतं तिला.

लग्नं झाली. हिसायेला साखर कारखान्यातला मासाओ मिळाला, थोडं बोलणारा, पण बोलला की टोचणारा. दोघी मंगळवारी आणि गुरुवारी मुलांना शिकवायच्या. डोरीन मोठ्यांना फेकी शिकवायची, हिसाये लहानग्यांना पडायला. जपान्यांची, हंगेरियनांची, मॉर्मनांची, गावातली निम्मी पोरं तिच्या हाताखाली पडून मोठी झाली. बँकेतला केली नावाचा उंच माणूस, चाळिशी गाठलेला, एकदा बर्फावरून घसरला, गोल फिरून उठला आणि कपडे झटकत चारचौघांत म्हणाला, "उगाच नाही डोरीन सेन्सेईंच्या क्लबात शिकलो!" हिसाये मागंच उभी होती. दूध घेऊन. दूध तिनं घरी नेलं, पण त्या दिवशी चहा कुणाला मिळाला नाही.

देवळाच्या जत्रेत डोरीनचं चाऊ मीन आधी संपायचं. डोरीनचे केस उशिरा पिकले. मासाओ म्हणायचा, "एकदा तिला जेवायला बोलव. ती खाईल, पोट तुझं दुखेल, औषध एकदाच आणू."

आणि भिंतीवर लाकडी पट्ट्या होत्या. प्रत्येकाच्या नावाची एक, खिळ्याला टांगलेली, उजवीकडून मानानं. पहिली कातायामा सेन्सेईंची, दुसरी डोरीनची, तिसरी हिसायेची. धूळ पुसायचं काम हिसायेकडं. दर आठवड्याला डोरीनचं नाव पुसून मगच तिला आपल्या नावाशी पोचता यायचं.

एका हिवाळ्यात डोरीन पोस्टासमोर बर्फावर आपटली आणि तिचा डावा खुबा मोडला. आयुष्यभर दुसऱ्यांना पाडणाऱ्या बाईला स्वतःला पडता कुठं येत होतं? हिसाये तिला भेटायला गेली, शोरबा घेऊन गेली, आणि खरं सांगायचं तर परत येताना गाडीत एक गाणं गुणगुणली. त्याच हिवाळ्यात जत्रेचं पातेलं उचलताना तिचा स्वतःचा उजवा खांदा लचकला होता, पण तो पंधरवड्यात बरा झाला आणि ती विसरूनही गेली.

डोरीन परत मॅटवर आली तेव्हा उजवीकडून तिची फेक पहिल्यासारखीच होती. डावीकडून मात्र, कमरेवर घेऊन पायानं झाडून टाकायची वेळ आली, तसा तिचा कसनुसा झालेला चेहरा हिसायेला दिसला. मुलं बघत होती. काय वाटलं कोण जाणे, हिसाये आपली आपणच उडाली. सुंदर पडली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून डावीकडून डोरीन टाकत नव्हती, हिसाये उडत होती. हे फक्त हिसायेला ठाऊक होतं. वीसेक वर्षं तिनं हे गुपित खडीसाखरेसारखं गालात धरून चघळलं. डोरीनचं नाव झालं की मनात म्हणायची, म्हणा म्हणा, माझ्या पायांवर उडतेय तुमची डोरीन.

मग कातायामा सेन्सेई गेले. त्यांची पट्टी उतरवली आणि पहिला खिळा रिकामा राहिला. देवळाच्या मंडळींनी ठरवलं की जी आधी काळ्या पट्ट्याची पाचवी पायरी गाठेल ती क्लबची मुख्य. डोरीनला चौथी पायरी वर्षभर आधी मिळाली होती, म्हणून परीक्षेला आधी तीच बसणार. ती पास झाली की पहिला खिळा तिचा, कायमचा. नापास झाली तर पुढच्या वर्षी हिसायेची पाळी.

डोरीन मुळ्याच्या लोणच्याची बरणी घेऊन आली. "हिसा, परीक्षेत मी टाकायचं, तू पडायचं. तुझ्याशिवाय मी कुणाला टाकू?"

"टाक की," हिसाये म्हणाली. "सवय आहे मला."

ती गेल्यावर मासाओनं बरणी उघडली. "पडणार तू?"

"पडणारच. फक्त डावीकडून उडणार नाही. उभी राहीन. टाकता आलं तर टाकू दे तिला."

"आणि नाही आलं तर?"

"तर माझा काय दोष? मी कुठं पाय ओढतेय तिचे? पडणाऱ्यानं उडावं असं कुठं लिहिलंय?"

मासाओनं लोणच्याची एक फोड तोंडात टाकली. "लोणचं झकास झालंय," म्हणाला. त्या घरात त्या दिवशी याहून वाईट काही बोलता आलं नसतं.

परीक्षा लेथब्रिजला होती. तीन परीक्षक खुर्च्यांवर, मधले मोरिशिता म्हणून व्हँकुव्हरचे म्हातारे, भुवया पांढऱ्या, डोळे अर्धे मिटलेले. गावची पन्नासेक माणसं भिंतीला टेकून. दोघींनी वाकून नमस्कार केला आणि ठरलेल्या फेकी सुरू झाल्या. एक उजवीकडून, तीच डावीकडून, मग पुढची.

सुरुवातीच्या फेकी हातांच्या होत्या, त्या गेल्या. मग कमरेची आली. उजवीकडून डोरीननं टाकलं, हिसाये पडली, उठली. आता डावीकडून. हिसाये मनाशी म्हणाली, दगड हो. आज उडायचं नाही. डोरीनची कमर लागली, कपड्याला ओढ बसली, आणि हिसायेचे पाय तिला न विचारता सुटले. वीस वर्षांची खोड पायांत मुरलेली, मनाला कोण विचारतंय? आणि मन मागं ओढत असताना पाय सुटले म्हणून ती नेहमीपेक्षाही आधी उडाली. डोरीनचा पाय अजून खालीच होता आणि हिसाये पलीकडे जाऊन पडलीसुद्धा.

मोरिशितांचे डोळे उघडले.

"थांबा," ते म्हणाले. "पडणाऱ्या बाई, टाकायचं काम त्यांचं आहे. तुम्ही कशाला करताय?"

भिंतीकडून कुणीतरी हसलं. हिसायेचे कान तापले. आजवर पडण्यात तिला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

"ही डावी पुन्हा. आणि तुम्ही नुसत्या या. मदत नको, अडवणूक नको."

हिसायेला वाटलं, देवच बोलला. तिला हवं होतं ते आता तिला सांगूनच करायला लावलं होतं. ती चालत आली, डोरीनला धरलं आणि पाय जमिनीला खिळवले. दिसू दे सगळ्यांना.

डोरीन वळली. तिची कमर हिसायेच्या पोटाखाली अशी शिरली की काय झालं ते कळायच्या आत जमीन गेली. छताचे दिवे एका रेघेत सरकले. हात मॅटवर वाजला तो जत्रेतल्या ढोलासारखा. हिसाये पाठीवर पडली होती आणि तिचा श्वास कुठं गेला ते तिला सापडत नव्हतं. कित्येक वर्षांनी डावीकडून तिला कुणीतरी पाडलं होतं.

मोरिशितांनी मान हलवली. "हं. पुढे."

डोरीन पास झाली.

बाहेर गाड्या लावायच्या मैदानात वारा असा होता की दारं दोन्ही हातांनी धरावी लागत होती. दोघी ट्रकच्या आडोशाला भाताचे गोळे खात उभ्या राहिल्या. डोरीननं आधी हिसायेचा उजवा खांदा चाचपला.

"दुखला का गं? जोरात लागला?"

"खांद्याला काय झालंय माझ्या?"

"अगं, तो पातेल्याचा! तेव्हापासून तू डावीकडून आधीच उडतेस. मला वाटलं, उजव्या खांद्यावर पडायची भीती बसलीय बिचारीला, म्हणून मी डावीकडून कधी जोरच लावला नाही. नुसतं हात लावायचे. आज त्या म्हाताऱ्यानं लाज आणली म्हणून टाकलं. रागावू नकोस हं."

हिसायेनं विचारलं, "तुझा खुबा?"

"खुब्याचं काय? तो वसंतात भरून आला की. डॉक्टर म्हणाला, बैलाची हाडं आहेत तुझी."

म्हणजे सगळी वर्षं ही बाई तिला सांभाळून घेत होती. हिसायेच्या गालातली खडीसाखर विरघळून गेली आणि मागं उरला मुळ्याचा तिखटपणा. खिळा गेलाच होता, आता गुपितही गेलं. तिनं सांगून टाकलं, "मी तुझ्या खुब्यासाठी उडत होते."

 डोरीन इतकी हसली की भाताचं शीत नाकात गेलं. हिसाये हसली नाही. तिला हसू आलं होतं, पण डोरीनबरोबर हसायचं नव्हतं.

घरी मासाओनं विचारलं, "टाकता आलं तिला?"

"आलं."

"मग?"

"लोणच्याची बरणी परत दे तिची. धुऊन."

मंगळवारी हिसायेनंच पट्ट्या हलवल्या, कारण ते काम तिचं. डोरीनची पहिल्या खिळ्याला, आपली दुसऱ्या. डोरीनची जराशी तिरकी टांगली. फार नाही, शोधल्याशिवाय दिसू नये इतकी. गुरुवारी आली तर पट्टी सरळ. तिनं पुन्हा तिरकी केली. पुढच्या मंगळवारी पुन्हा सरळ. दोघींपैकी कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि अजून काढलेला नाही.

मुख्य झाल्यावर डोरीननं पहिलं काम केलं ते हिसायेचं नाव पुढच्या वर्षीच्या परीक्षेला घातलं. मुलं गेल्यावर मॅट पुसताना म्हणाली, "तू टाकायचंस, हिसा. मी पडेन."

"तुला पडता येतं? पोस्टासमोर पाहिलंय मी."

"म्हणून तर म्हणते, शिकव."

हिसायेनं फडकं पिळलं. "माझ्या वर्गात रांग असते. मधे घुसायचं नाही. शेवटी उभं राहायचं."

पुढच्या गुरुवारी लहानग्यांच्या रांगेत, साडेसहा वर्षांच्या एका हंगेरियन पोरीच्या मागं, पांढऱ्या केसांची मुख्य सेन्सेई उभी होती. पोरं मागं वळून वळून बघत होती. डोरीनची पाळी आली. ती बसली, हनुवटी छातीला लावली, मागं लवंडली आणि बिटाचं पोतं गाडीतून घसरावं तशी धप्पकन आपटली. हात वाजायचा तो वाजलाच नाही.

हंगेरियन पोरगी म्हणाली, "त्यांना येत नाही!"

"येत नाहीच," हिसाये म्हणाली. तिनं जुन्या रेघेच्या पट्ट्याची गाठ घट्ट ओढली. अंगभर एक ऊब पसरली होती, ट्रकमध्ये बसल्यावर पायांना यायची तसली, आणि या खेपेला चटका नव्हता. "डोरीन, हात उशिरा पडतोय तुझा. पुन्हा."

डोरीन उठायला लागली.

"इथून नको. रांगेच्या शेवटी जा आणि तिथून ये."